बर्फाच्या समुद्रात मासा जगतो कसा?

दुपारची कामं आवरली असतील, नसतील तर हात चालू ठेवा आणि कान इकडे द्या. आज मी हप्ता, व्याज, ठराव यातलं काही बोलणार नाही. आज मी एका प्रश्नाचं उत्तर देणार आहे. तो प्रश्न मला आमच्या गटाच्या बैठकीत मिळाला.

त्या दिवशी विषय होता बर्फपेटीच्या कर्जाचा. आमच्या गटातल्या सात जणी मासे विकतात. पहाटे बंदरावर जायचं, लिलावात माल घ्यायचा, बर्फात घालायचा आणि टेम्पोने आतल्या गावांना न्यायचा. मे महिन्यात आमच्यातल्या एका मावशींचा टेम्पो घाटात बंद पडला. दोन तासांत बर्फाचं पाणी झालं आणि दोन पाट्या बांगडा टाकून द्यावा लागला. त्या महिन्याचा त्यांचा हप्ता आम्ही सगळ्यांनी मिळून भरला. म्हणून चांगल्या, जाड पेटीची चर्चा चालली होती.

मावशींबरोबर त्यांची नात आली होती, सहावीतली. ती मध्येच म्हणाली, "आजी, बर्फात ठेवतो तो मासा मेलेला असतो. पण पृथ्वीच्या टोकाला बर्फाचा समुद्र आहे, तिथे जिवंत मासे असतात. ते गोठत कसे नाहीत?"

सगळ्या हसल्या. मावशी म्हणाल्या, "गप बस, मोठी माणसं बोलतायत." पोरीने मान खाली घातली. मला ते लागलं, कारण लहानपणी मीही अशीच मान खाली घातलेली आहे. आणि खरं सांगते, मला उत्तर येत नव्हतं. मी बी.ए. झाले ती मराठी घेऊन. मग मी ठरावाच्या वहीत कर्जाच्या ठरावाखाली तो प्रश्न लिहून घेतला आणि पोरीला म्हटलं, पुढच्या बैठकीला उत्तर आणते.

ते उत्तर शोधताना मला जे सापडलं ते आज तुम्हाला सांगते.

आधी समुद्राचं बघू. साधं पाणी शून्य अंशाला गोठतं. पण कुल्फीवाला बर्फात मीठ का घालतो? मीठ घातलं की तो बर्फ शून्याच्याही खाली थंड होतो आणि दूध लवकर गोठतं. समुद्राच्या पाण्यात तर आधीच मीठ आहे, एका लिटरला साधारण ३५ ग्रॅम. म्हणून समुद्र शून्याला गोठत नाही, उणे १.९ अंशाला गोठतो. पृथ्वीच्या दक्षिण टोकाला, अंटार्क्टिकाच्या काठाने, बऱ्याच ठिकाणी वर्षभर पाणी याच्याच आसपास असतं. वर बर्फाचं छप्पर आणि पाण्यात बर्फाचे बारीक बारीक कण तरंगणारे.

आता माशाचं बघू. माशाच्या रक्तात समुद्रापेक्षा मीठ कमी असतं. आपल्याकडचा मासा त्या पाण्यात सोडला तर त्याचं रक्त उणे पाऊण अंशाच्या आसपासच गोठायला लागेल. म्हणजे पाणी पातळ राहील आणि मासा आत बर्फ होईल. बर्फाचे खडे वाढतात तेव्हा त्यांच्या टोकांनी शरीर आतून फाटतं. फ्रीजरमध्ये राहिलेला टोमॅटो बाहेर काढल्यावर कसा लिबलिबीत होतो, तसंच.

मग तिथले मासे काय करतात?

इथे मला दह्याची आठवण झाली. दूध कोमट करून नुसतं ठेवलं तर लगेच दही होत नाही. विरजण लावलं की लागतं. गोठण्याचंही थोडं तसंच आहे. रक्त गोठायच्या अंशाखाली गेलं तरी ते काही काळ पातळ राहू शकतं, पण बर्फाचा एक कण लागला की तो विरजणासारखा काम करतो आणि सगळं झरझर गोठतं. १९५० च्या दशकात शोलँडर नावाच्या शास्त्रज्ञाने कॅनडातल्या लॅब्राडॉरच्या किनाऱ्यावर हे पाहिलं होतं. तिथे काही मासे खोल पाण्यात, बर्फाचा कण पोहोचत नाही अशा जागी राहतात. त्यांना वर आणून बर्फाचा स्पर्श झाला की ते गोठून मरत.

पण अंटार्क्टिकाचे मासे तर बर्फातच पोहतात. काही जण बर्फाच्या छपराच्या भेगांत लपतात, बर्फाळ पाणी पितात. त्यांच्या पोटात, रक्तात विरजण रोजच पडतं. तरी ते गोठत नाहीत.

याचं उत्तर आर्थर डीव्हरीज या तरुण अमेरिकन संशोधकाने १९६० च्या दशकात शोधलं. अंटार्क्टिकाच्या मॅकमर्डो साउंड या भागात तो बर्फाला भोकं पाडून मासे पकडायचा आणि त्यांचं रक्त तपासायचा. त्याला रक्तात एक खास प्रथिन सापडलं, ज्याला साखरेचे कण जोडलेले असतात. बर्फाचा बारीक कण शरीरात आला की हे प्रथिन त्याला जाऊन चिकटतं. कण पुरता वेढला गेला की त्याला वाढताच येत नाही. कण आत शिरतो, पण तिथेच अडकून राहतो. विरजण पडतं, पण लागत नाही.

आणि हे प्रथिन आलं कुठून? अन्न पचवणारा जो रस आपल्या स्वादुपिंडातून येतो, तशा एका रसाच्या जनुकातून ते तयार झालं, असं १९९७ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं. जनुक म्हणजे शरीरात काय कसं बनवायचं त्याची आईबापांकडून आलेली कृती. कोट्यवधी वर्षांपूर्वी अंटार्क्टिकाचं पाणी हळूहळू थंड होत गेलं. जुन्या कृतीत चुकून बदल झाला, एक तुकडा पुन्हा पुन्हा लिहिला गेला, आणि ज्यांच्यात तो बदल झाला ते मासे जगले. बाकीचे गेले.

गंमत पुढेच आहे. पृथ्वीच्या उत्तर टोकाला कॉड जातीचे मासे आहेत. त्यांचं या दक्षिणेतल्या माशांशी जवळचं नातं नाही. पण त्यांच्या रक्तातही जवळजवळ तेच प्रथिन आहे, वेगळ्याच वाटेने बनलेलं. दोन टोकांच्या गावांतल्या दोन बायकांनी एकमेकींचं तोंडही न पाहता एकाच चवीचं लोणचं घालावं, तसं झालं.

प्रथिनाने गोठणं थांबलं, पण थंडीचा त्रास तेवढाच नसतो. आता थंडीच्या दिवसांतलं आपलं घर आठवा. खोबरेल तेलाची बाटली गोठून बसते, उन्हात ठेवल्याशिवाय निघत नाही. शेंगदाण्याचं तेल मात्र पातळच. प्रत्येक जिवाच्या शरीरातल्या बारीक पेशींना स्निग्ध पदार्थाचं पातळ आवरण असतं. ते खोबरेलासारखं थिजलं तर आतलं-बाहेरचं येणं-जाणं बंद पडेल. म्हणून या माशांच्या आवरणात थंडीतही पातळ राहणारे स्निग्ध पदार्थ जास्त असतात.

आता सगळ्यात नवलाचा मासा सांगते. बाजारात मासा घेताना आपण पहिलं काय करतो? कल्ला उचलतो. लाल असला तर ताजा, फिकट पडला तर परत ठेवतो. १९२७ मध्ये नॉर्वेचे डिट्लेफ रुस्टाड नावाचे शास्त्रज्ञ दक्षिणेतल्या बुवे बेटाजवळ गेले होते. त्यांनी एक मासा पकडला. फिका, अंगावर खवलं नाहीत, तोंड मगरीसारखं लांब. जिवंत मासा, पण कल्ले पांढरट. आणि कापला तर रक्त पाण्यासारखं, बिनरंगाचं!

याला बर्फमासा म्हणू. या कुळात साधारण १६ जाती आहेत. आपलं रक्त लाल असतं ते हिमोग्लोबिनमुळे. आपल्या बायकांना हा शब्द चांगलाच माहीत आहे. आरोग्य शिबिरात बोटाला सुई टोचून तेच तर बघतात, आणि कमी निघालं की लोहाच्या गोळ्या देतात. ते कमी असेल तर आपल्याला दम लागतो, चक्कर येते. कारण श्वासातला प्राणवायू अंगभर नेण्याचं काम त्याचं. बर्फमाशात हिमोग्लोबिन अजिबात नाही. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांमध्ये मोठेपणीही हिमोग्लोबिनशिवाय जगणारं दुसरं कुळ माहीत नाही.

मग तो जगतो कसा? पाणी तापवायला ठेवलं की उकळायच्या आधी पातेल्याच्या कडेला बारीक बुडबुडे धरतात ना? ती पाण्यात विरघळलेली हवा. पाणी तापलं की ती बाहेर पडते. उलट पाणी जितकं थंड, तितका प्राणवायू त्यात जास्त मावतो. बर्फाळ समुद्रात तो इतका असतो की तो नुसत्या पाणीदार रक्तात विरघळूनही माशाचं भागतं. पण फुकट काही मिळत नाही. असं रक्त लाल रक्ताच्या दहाव्या हिश्शाइतकाही प्राणवायू वाहत नाही. म्हणून बर्फमाशाचं हृदय मोठं, रक्तवाहिन्या रुंद आणि अंगात रक्तही इतर माशांपेक्षा कितीतरी जास्त. ते सगळं फिरवत ठेवायला त्याला बरीच ताकद खर्च करावी लागते.

आणि त्याची पिल्लं? २०२१ च्या फेब्रुवारीत जर्मनीचं पोलारश्टेर्न हे संशोधन जहाज अंटार्क्टिकाच्या वेडेल समुद्रात होतं. जहाजामागे कॅमेरा बांधून तळाचं चित्र घेत होते. चारशे-पाचशे मीटर खोल, मिट्ट काळोखात एकामागून एक गोल खळगे दिसायला लागले. पाऊण मीटर रुंद, तळाशी खडे आणि त्यावर अंडी. ती बर्फमाशांची घरटी होती. बहुतेक घरट्यांत एकेक मासा अंड्यांवर राखण करत बसलेला. एका घरट्यात दीड-दोन हजार अंडी. सगळा पसारा सुमारे २४० चौरस किलोमीटरचा, आणि अंदाजे सहा कोटी घरटी! तोपर्यंत माशांची एवढी मोठी वसाहत जगात कुणी पाहिली नव्हती.

तिकडे जाणाऱ्या आपल्या बायकाही आहेत बरं का. १९८३ मध्ये भारताची तिसरी अंटार्क्टिका मोहीम निघाली, तेव्हा तिच्यात पहिल्यांदाच दोन भारतीय स्त्रिया गेल्या. एक भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता आणि दुसऱ्या समुद्रशास्त्रज्ञ अदिती पंत. अदितीताई जन्मल्या नागपूरला, शिकल्या पुण्यात आणि काम केलं गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेत. नागपूरला समुद्र नाही, तरी त्या समुद्राच्या अभ्यासात शिरल्या.

तर हे सगळं घेऊन मी पुढच्या बैठकीला गेले. आधी कर्ज मंजूर केलं, मग वही उघडली. पांढऱ्या कल्ल्याचं सांगितल्यावर मावशी म्हणाल्या, "असला मासा मी फुकट दिला तरी घेतला नसता." सगळ्या पुन्हा हसल्या. या वेळी नातसुद्धा हसली.

आणि मग तिने दुसरा प्रश्न विचारला. "ताई, त्याचं पाणी तापलं तर?"

याचंही उत्तर मी वाचलं होतं, पण सांगताना जड गेलं. अंटार्क्टिकाच्या काही माशांवर प्रयोग झाले, त्यात पाणी ६ अंशाच्या आसपास गेलं की ते मरत होते. सहा अंश म्हणजे किती? आपल्या फ्रीजमध्ये साधारण ४ अंश असतात. आपला फ्रीज जरा कमी गार असला तर त्या माशांना तो उन्हाळा. आणि ज्याच्या रक्तात हिमोग्लोबिनच नाही, त्याचं पाणी तापून प्राणवायू कमी झाला तर तो दुसरं काय आणणार? एकदा गेलेली कृती परत मिळत नाही. इतर मासे पाणी तापलं की थंड पाण्याकडे सरकतात. पण जो आधीच सगळ्यात थंड पाण्यात राहतो, त्याने कुठे सरकायचं? आणि कारखाने, गाड्या, कोळसा यांच्या धुराने पृथ्वीबरोबर तिथला समुद्रही काही भागांत तापू लागला आहे.

बैठक जरा गप्प झाली. मग मावशीच म्हणाल्या, "म्हणजे त्याची पेटीच वितळायला लागली म्हणायची." घाटात दोन तास बर्फ वितळताना बघत बसलेल्या बाईला ते जेवढं कळलं, तेवढं मला वाचूनही कळलं नव्हतं.

मैत्रिणींनो, घरी दोन गोष्टी करून बघा. बर्फाच्या एका वाटीत मीठ घाला, दुसरी तशीच ठेवा, आणि कोणती जास्त गार लागते ते मुलांना विचारा. थोडं खोबरेल आणि थोडं शेंगदाणा तेल फ्रीजमध्ये ठेवून बघा. आणि तुमच्या गटात एखादं पोर मध्येच काही विचारेल, तर त्याला गप्प करू नका. उत्तर येत नसेल तर ठरावाच्या वहीत लिहून घ्या.

आमच्या वहीत आता त्या पोरीचा तिसरा प्रश्न लिहिलेला आहे. "अंधारात त्या माशाला आपली अंडी कोणती ते कळतं कसं?" मी शोधते आहे. नमस्कार.