ढग जमिनीवरच असतो



संगणकाच्या परिभाषेवर बोलावे, असे व्याख्यानमालेच्या चालकांनी सुचविले, तेव्हा मी त्यांना म्हणालो, की माझे शिक्षण दहावीपर्यंतचे; कारखान्यांच्या दारांवर सभा घेण्यात आयुष्य गेले; हा विषय एखाद्या प्राध्यापकाला द्यावा. त्यावर ते म्हणाले, "तुम्ही तो कसा शिकलात, तेवढेच सांगा." ते सांगतो.

चार वर्षांपूर्वी एका संध्याकाळी डोंबिवलीतला एक मुलगा माझ्याकडे आला. एका कार्यालयात कंत्राटदारामार्फत संगणकांची देखभाल करणारा. नोकरीला जेमतेम आठ महिने झालेले. हातात कारणे दाखवा नोटीस. त्याने सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला आणि त्यामुळे कार्यालयाची माहिती नष्ट झाली, असा आरोप. अशा नोटिसांची उत्तरे मी तीस वर्षे लिहीत आलो आहे. पण या नोटिशीतील निम्मे शब्द मला कळेनात. जो आरोप कळत नाही, त्याचे उत्तर काय लिहावयाचे? मी म्हणालो, "बाळ, बस. आधी मला शिकव."

त्याने शिकविले ते असे. संगणकातला प्रोसेसर म्हणजे काम करणारा कारागीर. रॅम म्हणजे त्याच्या पुढ्यातले टेबल; हातातले काम तेवढे त्यावर पसरलेले. आणि डिस्क म्हणजे पाठीमागचे कपाट. वीज गेली की टेबल साफ होते. कपाटातले कागद जागच्या जागी राहतात. सर्व्हर हाही संगणकच. फक्त तो एकाचे काम न करता अनेकांना पुरवठा करतो.

मी विचारले, "मग बंद-चालू केल्याने टेबल साफ झाले असेल; कपाट कसे रिकामे झाले?" मुलगा म्हणाला, "काका, डिस्क आधीच खराब होत आली होती. यंत्र अडखळत होते म्हणून तर मला बोलावले." बॅकअप, म्हणजे माहितीची राखीव प्रत, होती, पण तीही त्याच डिस्कवर! घराची दुसरी किल्ली घरातच ठेवून दाराला कुलूप घालावे, तशातला हा प्रकार. वेगळी डिस्क द्यावी, असे पत्र त्याने दोन महिने आधी ई-मेलने धाडले होते. ते आम्ही उत्तराला जोडले. नोटीस मागे घेतली गेली. त्या दिवशी मला पटले, की शब्द हेही कामगाराचे हत्यार आहे.

पुढले शब्द समजावयास आपल्याला कल्याणपर्यंतच जावयाचे आहे. एका कार्यालयातील यंत्रे एकमेकांना जोडतो तो स्विच. या टेबलावरची चिठ्ठी नेमकी त्या टेबलावर पोचविणारा शिपाईच म्हणा ना. राउटर मात्र एक जाळे दुसऱ्या जाळ्याला जोडतो. तो म्हणजे आपले कल्याण जंक्शन : कसाऱ्याची गाडी इकडे, कर्जतची तिकडे. गाडी कोठे न्यावयाची हे पत्त्यावरून ठरते, आणि त्या पत्त्याला आयपी पत्ता म्हणतात, १९२.१६८.१.१० असा आकड्यांचा. टपाल खात्याने १९७२ साली पिनकोड सुरू केला, तो श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्या मराठी माणसाच्या कल्पनेतून. आकड्यांवरून वाट काढण्याची युक्ती तीच. पण आकडे माणसाच्या लक्षात राहत नाहीत. म्हणून नाव सांगताच आकडा काढून देणारी एक सोय असते, ती डीएनएस. "इंटरनेट बंद आहे" अशी तक्रार आली, की जाणता तंत्रज्ञ पायरीपायरीने पाहतो : तार सैल आहे का, स्विच चालू आहे का, राउटरपर्यंत पोचतो का, नावाचा आकडा मिळतो का. दोष कोठे आहे हे ज्याला सांगता येते, त्याच्या माथी दुसऱ्याचा दोष सहसा मारता येत नाही.

आता राहिला क्लाउड, म्हणजे ढग. नाव आकाशातले असले, तरी वस्तू जमिनीवरची आहे : दुसऱ्याच्या इमारतीतले सर्व्हर भाड्याने घ्यावयाचे, वापराल तेवढे पैसे भरावयाचे. ॲमेझॉनने २०१६ साली आणि गूगलने २०१७ साली ही सेवा मुंबई विभागातून सुरू केली. ठाणे-बेलापूर रस्त्याला रासायनिक कारखान्यांची धुराडी आपण पाहिली. त्याच पट्ट्यात, ऐरोली-रबाळे-महापे भागात, आज अशा सर्व्हरांच्या इमारती उभ्या आहेत. १२ ऑक्टोबर २०२० रोजी कळवा-पडघा भागातील वीजवाहिन्यांत बिघाड होऊन मुंबई-ठाण्याची वीज गेली आणि लोकलगाड्या वाटेत उभ्या राहिल्या, हे तुम्हाला आठवत असेल. असा प्रसंग आला, की या इमारती आधी बॅटऱ्यांवर आणि मग डिझेलच्या जनित्रांवर चालवाव्या लागतात. ढगालाही रात्रपाळी असते, मंडळी! आणि ती करणारी मुले आपल्याच डोंबिवली-कल्याणची आहेत.

बँकांतील संघटनांनी १९८३ साली यंत्रांच्या वापराविषयी करार केला, तेव्हा मी शाळेत होतो. पुढे चळवळीत आल्यावर जुन्या सहकाऱ्यांकडून संगणकाविषयीची भीती पुष्कळ ऐकली. नोकऱ्यांची ती भीती खोटी नव्हती. पण यंत्राला नुसते नाव ठेवून भागत नाही, त्याचे नाव-गाव शिकावे लागते.

समोर तरुण मंडळी बसली आहेत. त्यांना एवढेच सांगतो : परिभाषा नुसती परीक्षेपुरती पाठ करू नका. कोणते यंत्र, कोणता दोष, कोणत्या तारखेला कळविला, हे लिहून ठेवा. आणि राखीव प्रत दुसऱ्या जागी ठेवा. माहितीची, तशीच तुम्ही लिहिलेल्या पत्राचीही.