भुकेचे मोजमाप
(वाशीम येथे कार्यकर्त्यांपुढे दिलेले भाषण)

डॉ. पां. वा. सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातील बुधचे, संख्याशास्त्राचे पंडित. १९५१ पासून सुमारे वीस वर्षे ते रोमला जागतिक अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. जगात भुकेले किती, हे मोजण्यात त्यांची विद्वत्ता खर्ची पडली.

१९७१ मध्ये दांडेकर व रथ यांनी दरडोई २२५० उष्मांकांची कसोटी लावून ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के लोक दरिद्री ठरविले. सुखात्म्यांनी कसोटीलाच हरकत घेतली. माणसाची गरज दिवसागणिक बदलते, शरीर कमी अन्नाशी जुळवून घेते. म्हणून सरासरीखालचा प्रत्येक जण उपाशी नव्हे. दांडेकरांनी १९८१ मध्ये त्यास उत्तर दिले. वाद विद्वानांचा खरा, परंतु आकडा उतरला की सरकारची जबाबदारीही उतरते! तूर सोंगणाऱ्या मजुराचे शरीर जुळवून घेते म्हणजे काय? त्याचे वजन घटते, काम घटते, मजुरीही घटते.

मात्र दूषित पाण्याने जुलाब झाले तर खाल्लेले अंगी लागत नाही, हे सुखात्म्यांचे म्हणणे डाव्यांनीही पुरेसे मनावर घेतले नाही. २०१८ मध्ये केंद्राने वाशीमला ‘आकांक्षित’ म्हणजे मागास जिल्ह्यांत घातले. २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा सर्वसाधारण लाभार्थ्यास दरमहा ५ किलो धान्याचा हक्क देतो. तूर पिकविणाऱ्या या जिल्ह्यातील मजुराला त्यात डाळीचा हक्क मात्र नाही.