ओझे आणि अधिकार

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभासद-मेळाव्यात केलेले भाषण)



दैनंदिन जीवनातील ताण आणि तो सोसण्याचे बळ या विषयावर मी चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारिणीची आज्ञा झाली. मी वैद्य नाही की मानसशास्त्रज्ञ नाही. कला शाखेचा साधा पदवीधर आणि केंद्र सरकारच्या कचेरीत तीस वर्षे फायलींच्या संगतीत काढलेला माणूस. तेव्हा प्राणायामाचे प्रकार आणि आहाराचे नियम मी सांगणार नाही. ते सांगणारे आता घरोघरी झाले आहेत. मला जे सांगायचे आहे ते आपल्या कचेऱ्यांविषयी आणि त्याहून अधिक आपल्या या मंडळाविषयी आहे.

तंबूला ज्या दोरांनी ताणून उभे करतात, त्यांना आपण तणावे म्हणतो. ते सैल पडले तर तंबू बसतो आणि वाजवीपेक्षा जास्त ओढले तर खुंटीसकट उपटून येतात. म्हणजे ताण ही वस्तू मुळात वाईट नव्हे. मग माणूस मोडतो तो कशाने? ओझ्याने मोडतो, असे आपण समजून चालतो. हे उत्तर अपुरे आहे, असे माझे मत आहे.

लंडनच्या व्हाइटहॉल भागात ब्रिटिश सरकारची मुख्य कार्यालये आहेत आणि आपले सचिवालय पुष्कळ अंशी त्याच मुशीतून निघालेले आहे. तेथील सुमारे अठरा हजार पुरुष नोकरदारांच्या प्रकृतीची पाहणी १९६७ मध्ये सुरू झाली. हृदयविकार हा मोठ्या साहेबांचा रोग; जबाबदारी त्यांची, तेव्हा झटकाही त्यांनाच, असा तेव्हा सर्वसाधारण समज होता. मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले, ते नेमके उलटे निघाले. सर्वांत खालच्या श्रेणीतील निरोप्यांमध्ये हृदयविकाराच्या मृत्यूंचे प्रमाण सर्वोच्च श्रेणीतील अधिकाऱ्यांच्या साडेतीन पटींहून अधिक होते. धूम्रपान, रक्तदाब वगैरे गोष्टी हिशेबात धरल्या तरी बराचसा फरक शिल्लक राहिलाच. पुढे १९८५ मध्ये दुसरी पाहणी सुरू झाली; तीत १०,३०८ स्त्री-पुरुष होते. या फरकामागची जी कारणे तीतून पुढे आली, त्यांपैकी एक महत्त्वाचे कारण असे की, आपल्या कामावर आपलाच ताबा नसणे. काम किती आहे एवढाच प्रश्न नव्हता. ते केव्हा आणि कोणत्या रीतीने करावे, हे ठरविण्यात करणाऱ्याला काही जागा आहे की नाही, हाही प्रश्न होता.

हे वाचले तेव्हा मला संसदेच्या अधिवेशनाचे दिवस आठवले. तारांकित प्रश्नाचे उत्तर तयार करायचे असते, मंत्रिमहोदयांसाठी पूरक प्रश्नांची टिपणे हवी असतात. सहसचिव रात्री दहापर्यंत बसतात, पण आपण कशासाठी बसलो आहोत हे त्यांना ठाऊक असते. कित्येकदा त्या धावपळीची त्यांना गंमतही वाटत असते. बाहेरच्या खोलीत बसवून ठेवलेल्या सहायकाला मात्र ‘थांबा’ एवढेच सांगितलेले असते. कशासाठी, किती वेळ, ते नाही. त्याचे सारे लक्ष शेवटच्या मेट्रोकडे. त्याचे काम थोडे असते, परंतु थकून तोच घरी जातो.

आणि हे केवळ कचेरीपुरते नाही. बदलीचा हुकूम निघतो तो बहुधा नवऱ्याच्या नावाने. पण नव्या गावी पुन्हा गॅसची जोडणी, मुलांच्या शाळा, अनोळखी भाषेतले शेजारी, हे सारे जुळविते ती गृहिणी, आणि त्या हुकुमावर तिचे मत कोणी विचारलेले नसते. इकडे सांगली-साताऱ्याकडे एकटे राहणारे आईवडील फोनवर ‘आम्ही बरे आहोत’ म्हणतात, आणि ते खरे की आपल्याला धीर देण्यासाठी, हे दीड हजार किलोमीटरांवरून कळत नाही. एप्रिल-मे २०२१ मध्ये दिल्लीत प्राणवायूसाठी धावाधाव चालली होती, तेव्हा ही असहायता आपण सर्वांनीच पाहिली. त्या दिवसांत ज्या सभासदांनी आजारी घरांच्या दारात डबे पोहोचविले, त्यांतील एकजण मला नंतर म्हणाले, “घरी नुसता बसलो असतो, तर वेडा झालो असतो.” डब्याचा आधार खाणाऱ्याइतकाच नेणाऱ्यालाही झाला होता.

येथे मंडळाचा संबंध येतो. आमच्या तरुणपणी येथे एक गृहस्थ होते. कचेरीत आवक-जावक विभागात लिपिक; तिकडे त्यांचे कोणी ऐकत नसे. पण गणेशोत्सवाच्या नाटकाचे ते दिग्दर्शक. एके वर्षी एका उपसचिवांना त्यांनी द्वारपालाची दोन वाक्यांची भूमिका दिली आणि ती दोन वाक्ये चुकली म्हणून भर तालमीत फैलावर घेतले. उपसचिव निमूटपणे पुन्हा विंगेतून आत आले! त्या चार आठवड्यांत या गृहस्थांची मान ताठ होई. वर्षाचे उरलेले अठ्ठेचाळीस आठवडे त्या बळावर निभावत असावेत, असा माझा तर्क आहे.

वरच्या खुर्चीतल्यांनाही हे लागू आहेच, कारण खुर्ची जाणारी असते. चिंतामणराव देशमुख १९५० पासून केंद्राचे अर्थमंत्री होते. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. केंब्रिजला वनस्पतिशास्त्र शिकलेला हा माणूस बागेत रमे, संस्कृतात कविता करी, आणि ‘मेघदूता’चा मराठी अनुवादही त्याने केला होता. पद सोडल्यावर ज्याच्या हाती काहीच उरत नाही, त्याला ते सोडणे जड जाते. चिंतामणरावांपाशी पुष्कळ काही उरणार होते.

आता थोडे अप्रिय बोलतो. गेल्या काही वर्षांत आपण सारे कंत्राटावर देऊ लागलो आहोत. मंडप कंत्राटदाराचा, भोजन केटररचे, कार्यक्रम मुंबई-पुण्याहून बोलाविलेल्या कलावंतांचा. कार्यक्रम देखणे होतात, यात शंका नाही. परंतु नोएडा, गुरुग्रामहून दीड तास गाडी हाकून येणाऱ्या सभासदाला येथे करायचे काय, तर खुर्चीवर बसायचे आणि टाळ्या वाजवायच्या. त्यातही पहिली रांग हुद्द्याप्रमाणे राखलेली! ज्या उतरंडीने तो दिवसभर दबला, तीच उतरंड त्याला येथेही भेटणार असेल, तर त्याने घरीच दूरदर्शन संच का लावू नये?

ज्यांची झोप आठवडेच्या आठवडे उडाली आहे, जगणे नकोसे वाटते आहे, त्यांनी अर्थात नाटकाच्या तालमीवर विसंबू नये. त्यांनी डॉक्टर गाठावा. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर सुरू आहे, तेथे मराठीतूनही बोलता येते. यात लाजण्यासारखे काही नाही.

बाकीच्यांसाठी कार्यकारिणीपुढे माझ्या दोन सूचना आहेत. पुढच्या गणेशोत्सवात निदान एक दिवसाचा स्वयंपाक आणि एक नाटक सभासदांनीच करावे. ते थोडे बेंगरूळ झाले तरी चालेल. दुसरी सूचना अशी की, ज्यांची मुले दूरदेशी आहेत अशा वृद्ध सभासदांना दर रविवारी फोन करण्याचे काम घरोघर वाटून द्यावे, आणि शक्य तेव्हा ते त्या वृद्धांनीच एकमेकांसाठी करावे. नावे लिहिण्यासाठी दाराजवळच्या टेबलावर वही ठेवली आहे. नावापुढे हुद्दा लिहू नये, एवढी विनंती.