वायमारचा अंत आणि समाजवाद्यांची जबाबदारी



जर्मनीतील वायमार प्रजासत्ताकाची घटना १९१९ साली अमलात आली आणि १९३३ साली ते प्रजासत्ताक नामशेष झाले. त्याच्या अंताविषयी एक समज सर्वत्र रूढ आहे. हिटलरने आपल्या वक्तृत्वाने सारे राष्ट्र भारून टाकले, बहुसंख्य जर्मनांनी त्याला कौल दिला आणि लोकशाहीने लोकशाही मार्गानेच आत्महत्या केली, असे सांगितले जाते. आकडे पाहिले की हा समज टिकत नाही. मे १९२८ च्या निवडणुकीत नाझी पक्षाला २.६ टक्के मते व १२ जागा मिळाल्या होत्या. सप्टेंबर १९३० मध्ये मते १८.३ टक्के व जागा १०७ झाल्या, तर जुलै १९३२ मध्ये मते ३७.३ टक्के व जागा २३० झाल्या. मुक्त निवडणुकीतील त्या पक्षाची ही सर्वोच्च मजल होय. त्याच वर्षी नोव्हेंबरात पुन्हा निवडणूक झाली, तेव्हा त्याची मते ३३.१ टक्क्यांवर आली आणि ३४ जागा हातच्या गेल्या. सोशल डेमोक्रॅट व कम्युनिस्ट या दोन कामगार पक्षांच्या मिळून २२१ जागा होत्या, नाझींच्या १९६. म्हणजे नाझी पक्षाला ओहोटी लागली होती. असे असताना अवघ्या बारा आठवड्यांत, ३० जानेवारी १९३३ रोजी, हिटलर चॅन्सेलर झाला.

यातून दोन प्रश्न उभे राहतात. नगण्य पक्ष चार वर्षांत सर्वांत मोठा पक्ष कसा झाला? आणि बहुमत नसताना त्याच्या हाती सत्ता कोणी दिली?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देताना १९२३ च्या भयानक चलनवाढीकडे बोट दाखवण्याची प्रथा आहे. त्या चलनवाढीने मध्यमवर्गाची आयुष्यभराची पुंजी मातीमोल केली आणि प्रजासत्ताकावरील त्याचा विश्वास डळमळवला, हे खरे. परंतु त्यानंतर पाच वर्षांनीही नाझींना शंभरात तीन मते मिळत नव्हती. त्यांची खरी वाढ झाली ती किमती चढण्याच्या काळात नव्हे, तर किमती कोसळण्याच्या आणि बेकारी वाढण्याच्या काळात.

मार्च १९३० मध्ये समाजवादी चॅन्सेलर हेरमान म्युलर यांचे संयुक्त मंत्रिमंडळ कोसळले. बेकारी विम्याची वर्गणी थोडी वाढवावी की भत्ता कापावा, हा वादाचा मुद्दा होता. मालकवर्गाच्या पक्षाला वाढ नको होती आणि कामगार संघटनांना कपात नको होती. त्यानंतर आलेल्या ब्र्युनिंग यांनी अंदाजपत्रक समतोल राखण्यासाठी कर वाढवले, सरकारी खर्च छाटला आणि पगार उतरवले. डिसेंबर १९३१ च्या वटहुकुमाने कामगारांचे वेतन जानेवारी १९२७ च्या पातळीवर खाली आणले गेले. या धोरणाची परिणती अटळ होती. वेतन घटले की खरेदी घटते, खरेदी घटली की कारखाने थंडावतात, कारखाने थंडावले की कराचे उत्पन्न घटते, आणि ती तूट भरून काढण्यासाठी पुन्हा कपात होते. जुलै १९३१ मध्ये एक मोठी बँक बुडाली व सर्वच बँकांचे दरवाजे काही काळ बंद करावे लागले. १९३२ च्या आरंभी नोंदलेल्या बेकारांची संख्या साठ लाखांवर गेली.

येथे एक बारकावा ध्यानात घेतला पाहिजे. बेकार औद्योगिक कामगार मोठ्या संख्येने वळला तो कम्युनिस्टांकडे. नाझींचा मुख्य मतदार होता कर्जात बुडालेला शेतकरी, गिऱ्हाईक हरवलेला छोटा दुकानदार, कारागीर, कारकून आणि निवृत्तिवेतनावर जगणारा वृद्ध. आपणही उद्या बेकारांच्या रांगेत उभे राहू, ही धास्ती त्यांच्या मनात होती. शेतमालाचे भाव कोसळले आणि शेते लिलावात निघू लागली, तेव्हा श्लेस्विग-होल्स्टाइनसारख्या शेतीप्रधान प्रांतात जुलै १९३२ मध्ये निम्म्याहून अधिक मते नाझींना पडली. समाजवादी पक्षाने शेतीविषयक कार्यक्रम १९२७ च्या कील अधिवेशनात स्वीकारला होता. पण तोवर खेड्यांत त्या पक्षाची ओळख शहरी मजुरांचा पक्ष एवढीच राहिली होती.

दरम्यान संसदेचे सत्त्व हरपत चालले होते. घटनेच्या ४८ व्या कलमान्वये राष्ट्राध्यक्षाला आणीबाणीत वटहुकूम काढता येत. जुलै १९३० मध्ये संसदेने असा वटहुकूम फेटाळला, तेव्हा संसदच बरखास्त करण्यात आली. १९३२ साली संसदेने जेमतेम ५ कायदे संमत केले, तर वटहुकूम साठीच्या आसपास निघाले. हिटलरच्या आगमनापूर्वीच लोकप्रतिनिधींविना राज्यकारभार चालण्याची देशाला सवय जडली होती. समाजवादी पक्षाने ब्र्युनिंग सरकारविरुद्धचे अविश्वासाचे ठराव हाणून पाडले, कारण ते पडल्यास याहून वाईट काही येईल अशी भीती होती. एप्रिल १९३२ मध्ये त्याच भीतीपोटी त्याने वृद्ध सेनापती हिंडेनबर्ग यांना राष्ट्राध्यक्षपदासाठी मते दिली. हेतू शुद्ध होता. परंतु सत्तेत वाटा नसताना कपातीच्या पापाचा वाटा मात्र पक्षाच्या पदरी आला.

समाजवाद्यांपुढे दुसरी वाट नव्हती काय? होती, आणि ती त्यांच्याच घरात तयार झाली होती. १९३१ च्या लाइपझिग अधिवेशनात फ्रिट्झ टार्नो यांनी एक पेच मांडला होता. भांडवलशाही रोगशय्येवर पडली असता समाजवाद्यांनी तिचा वैद्य व्हावे की तिच्या मृत्यूची वाट पाहणारा वारस? पुढे टार्नो, अर्थशास्त्रज्ञ वॉयटिन्स्की आणि शेतीतज्ज्ञ बाडे यांनी मिळून एक योजना आखली. पतपुरवठा वाढवून सुमारे दोन अब्ज मार्कांची सार्वजनिक कामे काढावीत आणि दहा लाख बेकारांना रोजगार द्यावा, असे तिचे स्वरूप होते. केन्सचा प्रसिद्ध ग्रंथ निघण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. एप्रिल १९३२ मध्ये कामगार संघटनांनी ही योजना उचलून धरली. पक्षनेतृत्वाने मात्र तिला थंडे स्वागत दिले. माजी अर्थमंत्री आणि थोर मार्क्सवादी पंडित हिल्फर्डिंग यांचा तिला विरोध होता. अशाने चलनवाढ होईल आणि मंदी आपला क्रम पुरा केल्याविना राहणार नाही, अशी त्यांची धारणा होती. महिन्याभरातच, १० मे १९३२ रोजी, नाझी नेते ग्रेगोर स्ट्रासर यांनी संसदेत कामाच्या हक्काची भाषा केली आणि सरकारी खर्चाने रोजगार निर्माण करण्याचा कार्यक्रम पुढे ठेवला. समाजवाद्यांनी जे शस्त्र म्यानात ठेवले, ते शत्रूने उचलले.

कम्युनिस्टांची चूक याहून घोर होती. समाजवादी हे फॅसिस्टांचेच भाऊबंद आहेत, असा सिद्धांत त्यांनी उराशी धरला. ऑगस्ट १९३१ मध्ये प्रशियातील समाजवादी सरकार हटवण्यासाठी झालेल्या सार्वमतात ते चक्क नाझींच्या बाजूने उभे राहिले. २० जुलै १९३२ रोजी चॅन्सेलर पापेन यांनी तेच सरकार वटहुकुमाने पदच्युत केले. समाजवाद्यांनी न्यायालयात दाद मागितली, संप पुकारला नाही. साठ लाख लोक बेकार असताना संप यशस्वी होणे कठीण होते, हेही मान्य केले पाहिजे. पण प्रतिकार होणार नाही, एवढे प्रतिपक्षाला त्या दिवशी कळून चुकले.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर छोटे आहे. सत्ता दिली ती वरच्या वर्गांनी. बडे जमीनदार, सेनाधिकारी, उद्योगपती व बँकवाल्यांपैकी काही गट आणि राष्ट्राध्यक्षांभोवतीची मंडळी यांना संसदीय राजवट व कामगारांचे हक्क दोन्ही नको होते, पण त्यांच्या पाठीशी जनता नव्हती. हिटलरपाशी जनता होती. ४ जानेवारी १९३३ रोजी कोलोनमध्ये बँकर श्रोडर यांच्या घरी पापेन व हिटलर यांची बोलणी झाली. नव्या मंत्रिमंडळात हिटलरखेरीज दोनच नाझी होते. त्याला आपण वेसण घालू असा बाकीच्यांचा हिशेब होता. २८ फेब्रुवारीच्या वटहुकुमाने नागरिकांचे मूलभूत हक्क गेले. २३ मार्चला संसदेने कायदे करण्याचा अधिकारच सरकारला देऊन टाकला. कम्युनिस्ट सदस्य तुरुंगात किंवा भूमिगत होते, आणि सभागृहात विरोधी मते पडली ती केवळ ९४ समाजवाद्यांची. २ मे रोजी कामगार संघटनांच्या कचेऱ्या ताब्यात घेतल्या गेल्या आणि १४ जुलैला नाझी पक्षाखेरीज सर्व पक्ष बेकायदा ठरले.

त्याच मंदीत स्वीडनने वेगळा मार्ग काढला. १९३२ साली तेथे पेर आल्बिन हान्सन यांचे समाजवादी सरकार अल्पमतात सत्तेवर आले. मे १९३३ मध्ये त्याने शेतकरी पक्षाशी करार केला. शेतमालाच्या किमतींना सरकारने संरक्षण द्यावे आणि शेतकरी पक्षाने सार्वजनिक कामांना, तीही बाजारभावाच्या मजुरीने, मान्यता द्यावी असे ठरले. दोघांनीही आपापल्या आग्रहाला मुरड घातली. दोन देशांचा इतिहास निराळा होता, स्वीडनवर पराभवाचे व युद्धदंडाचे ओझे नव्हते. तरी मजूर आणि शेतकरी एकत्र आल्यावर अतिरेक्यांना जमीन उरली नाही, ही गोष्ट डोळ्याआड करता येत नाही.

भारतीय समाजवाद्यांना हा इतिहास परका नाही. डॉ. राममनोहर लोहिया त्याच वर्षांत बर्लिनमध्ये शिकत होते. मीठ-करावरील प्रबंध पुरा करून ते १९३३ साली मायदेशी परतले. १९३४ साली स्थापन झालेल्या काँग्रेस समाजवादी पक्षाच्या पहिल्या फळीतील एका नेत्याने हा ऱ्हास प्रत्यक्ष पाहिला होता.

तात्पर्य, घटनेतील कलमे लोकशाहीचे रक्षण करतात ती काही मर्यादेपर्यंतच. ज्याची शेती लिलावात निघाली आहे आणि ज्याच्या हाताला काम नाही, त्याला लोकशाहीवादी पक्ष फक्त धीर धरायला सांगू लागले, म्हणजे तो दुसऱ्या दारी जातो. त्या ९४ जणांच्या धैर्याला इतिहासाने मानाचे स्थान दिले आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यांच्या पक्षाची खरी कसोटी मार्च १९३३ मध्ये लागली नव्हती. ती वर्षभर आधी, एप्रिल १९३२ मध्ये, रोजगाराची योजना मेजावर पडून होती तेव्हा लागली होती. समाजवादी कार्यकर्त्याने अतिरेकी पक्षाच्या घोषणांचा निषेध जरूर करावा. पण त्या घोषणा ऐकायला जमलेल्या माणसाच्या कामाचे, कर्जाचे आणि भावाचे उत्तर आपल्या पक्षापाशी आज काय आहे, हे त्याने आधी विचारावे.