लांडग्याचा तास



पुण्यालगतच्या पिंपळे सौदागरात शिक्षक जमावेत आणि बोलणे लांडग्यावर व्हावे, याचे कुणालाही हसू येईल. इथल्या मुलाला लांडगा भेटतो कुठे? फार तर शेजारच्या भोसरीतल्या शाळेच्या हजेरीपटावर. लांडगे हे तिथले ठसठशीत आडनाव. मराठीच्या तासाला ‘लांडगा आला रे आला’ सुरू झाले की अख्खा वर्ग मान वळवून कुणाकडे बघत असेल, ते सांगायला नको.

त्या गोष्टीत खोटे बोलतो मेंढपाळाचा पोरगा आणि बदनाम होतो लांडगा. भाषेनेही त्याला सोडलेले नाही. दहा जणांनी मिळून एकाला फाडले की त्याला आपण ‘लांडगेतोड’ म्हणतो. प्रत्यक्षात लांडग्यांचा कळप म्हणजे एक घर असते: नर, मादी आणि त्यांची आधीच्या विणींची पोरे. थोरली भावंडे धाकट्यांना राखतात. शिकारीहून परतलेला लांडगा पोटातले मांस ओकून पिल्लांना भरवतो. हे सांगितले की पाचवीचा वर्ग एका सुरात ‘ई’ करतो, पण एवढे मात्र परीक्षेनंतरही विसरत नाही.

देशात 2022 च्या गणनेत वाघ निघाले सरासरी 3,682. लांडगे उरलेत सुमारे 3 हजार. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात दोघेही पहिल्याच अनुसूचीत आहेत, म्हणजे कागदावर मान सारखाच. त्यातही 2021 मध्ये जनुकीय अभ्यासातून असे दिसले की भारतीय लांडग्याचा वंश जगातल्या अतिप्राचीन लांडगावंशांपैकी एक आहे. तरीही शाळेच्या भिंतीवर चित्र वाघाचेच रंगवतात. वाघ जंगलात राहतो आणि जंगल वाचवायचे असते, हे सर्वांना पटलेले आहे. लांडगा राहतो माळावर, आणि माळ हा सातबाऱ्यावर ‘पडीक’ असतो.

सगळी मेख या एका शब्दात आहे. ज्या जमिनीतून महसूल येत नाही ती पडीक, ही इंग्रजी अमदानीतली मोजणी आपण अजून वर्गात शिकवतो. इंदापूरजवळच्या कडबनवाडीचा किंवा बारामतीकडच्या शिर्सुफळचा माळ पडीक नाही. तिथे चिंकारा चरतो, ससा दडतो, आणि हिवाळ्यात ओढ्याकाठच्या मऊ मातीत लांडगीण विते. वनखात्याने तिथे गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे. पैसे देऊन ‘पडीक’ बघायला लोक येतात, हेही नसे थोडके.

आता जरा कडू बोलायचे आहे. जुलै लागला की शाळांच्या बसगाड्या भरून निघतात. माळावर खड्डे, खड्ड्यात रोप, रोपाशेजारी बाई आणि पोरे, मग फोटो. हेतूत खोट काढता येणार नाही. पण उघड्या गवताळ माळावर झाडांची गर्दी केली की गवत मागे हटते, गवताबरोबर चिंकारा जातो आणि लांडगा मेंढरांच्या वाड्याकडे वळतो. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्प लावून काय झाले, ते टेकडीवर फिरायला जाणाऱ्याने पाहिलेच आहे. लांडग्याला बंदुकीइतकाच शाळेचा वनमहोत्सव नडतो, असे म्हटले तर सभागृहात चुळबूळ होईल. होऊ द्यावी.

दुसरे संकट तर आपल्या सोसायटीच्या फाटकाशीच आहे. गावाबाहेर कचरा पडतो, कचऱ्यावर कुत्री पोसतात, कुत्र्यांकडून लांडग्यांना रेबीज आणि डिस्टेंपर लागतो. एवढेच नाही, पुण्याच्या परिसरातल्या वेगळ्याच रंगाच्या प्राण्यांची जनुके तपासली, तेव्हा लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचे सिद्ध झाले. पिंपळे सौदागरच्या मुलाला लांडगा वाचवायला लांब जावे लागत नाही. कचरा कुठे जातो आणि कुत्र्यांना लस कोण टोचते, एवढे विचारले तरी सुरुवात होते.

मुलांपासून लपवू मात्र काही नये. उत्तर प्रदेशातल्या बहराइचमध्ये 2024 साली लांडग्यांच्या हल्ल्यांत लहान मुले दगावली. ते वर्गात सांगावे, आणि दख्खनच्या माळावर लांडगा पिढ्यान्‌पिढ्या धनगरवाड्याच्या आसपासच राहत आला, हेही सांगावे. धनगराचे नुकसानही सांगावे. मेंढी मेली तर सरकारी भरपाई असते. पण लांडग्याने कोकरू उचलूनच नेले, तर पंचनामा कशाचा करायचा? गणिताच्या तासाला याहून बरे उदाहरण सापडणार नाही.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तला मास्तर धनगरांच्या पोरांना शाळेत आणायला माणदेशात गेला होता. आता उलट वारी करायला हवी: शाळेने धनगराच्या वाड्यावर जावे. कुत्र्याचा माग कुठला, लांडग्याचा कुठला. वाघर, म्हणजे मेंढरांभोवतीची जाळी, कशी लावतात. रात्री मेंढरे एकदम बिथरली तर काय समजायचे, हे शिकवणारा माणूस तिथे आहे. पदवी नाही म्हणून त्याला आपण आजवर बोलावलेले नाही.

सहल तीच जुलैतली काढावी, फक्त रोपे घरी ठेवावीत. बस पहाटे निघाली तर दिवे घाट, सासवड, जेजुरी, मोरगाव करत सकाळच्या उन्हात सुप्याला पोचते. तिथले मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम 5 चौरस किलोमीटरचे आहे, चौथीच्या मुलांनाही झेपेल. लांडगा दिसेल अशी हमी कुणी देऊ नये. चिंकारा बहुधा दिसतो. हिवाळ्याचा मुहूर्त मात्र टाळावा. दिवाळीनंतर बरेच धनगर मेंढरे घेऊन कोकणाच्या वाटेला लागलेले असतात, आणि बिळात पिल्ले असतात. माणसांचा वावर जाणवला की लांडगीण एकेक पिल्लू तोंडात धरून दुसरीकडे हलवते.