हृदयातला दाब मोजताना

दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघणं आता घरोघरी झालं आहे. पण हृदयातून फुप्फुसांकडे जाणाऱ्या धमनीत काय चाललंय, याचा त्या पट्ट्याला पत्ता नसतो. हृदयाच्या पडद्याला जन्मतः भोक असलेल्या काही मुलांचं पुढचं सगळं तिथल्याच आकड्यावर ठरतं.

नवी मुंबईत खारघरला श्री सत्य साई संजीवनी हे खास मुलांच्या हृदयविकारांचं रुग्णालय आहे. उपचार विनामूल्य. बहुतेक मुलांचं काम इकोवर, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीवर भागतं. शंका उरली, की कॅथ लॅब.

तिथे जांघेतल्या शिरेतून शेवईएवढी बारीक नळी, म्हणजे कॅथेटर, क्ष-किरणांच्या पडद्यावर बघत हृदयात सरकवतात. नळीत सलाइन भरलेलं असतं. टोकाशी जाणवलेला दाब त्यातून बाहेरच्या ट्रान्सड्यूसरपर्यंत, म्हणजे दाब टिपणाऱ्या संवेदकापर्यंत पोचतो आणि मॉनिटरवर लाट उमटते. उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात दाब जेमतेम 2 ते 6 मिलिमीटर पारा, खालच्या कप्प्यात आकुंचनाच्या वेळी पंचविसाच्या आत-बाहेर.

आकडे एवढे लहान, म्हणून सगळी मदार 'झिरो' करण्यावर, म्हणजे मोजणीचा शून्य नेमका ठरवण्यावर. ट्रान्सड्यूसर छातीच्या मध्याच्या पातळीवर हवा. तो 10 सेंटिमीटर खाली राहिला तर दाब सुमारे 7 मिलिमीटर जास्त दिसतो. म्हणजे 5 चे थेट 12! नळीत हवेचा बुडबुडा अडकला तर लाट बोथट होते. टिचकी मारून बुडबुडा काढणारा तंत्रज्ञ इथे डॉक्टरांइतकाच मोलाचा.

या विद्येची सुरुवात मात्र आडदांडपणातून झाली. 1929 मध्ये जर्मनीतल्या एबर्सवाल्डे इथे वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरनं मूत्रमार्गासाठीची नळी स्वतःच्या कोपराजवळच्या शिरेतून 65 सेंटिमीटर आत घातली आणि तशीच घेऊन तो एक्स-रे काढायला चालत गेला. कूर्नां आणि रिचर्ड्स या डॉक्टरांनी पुढे त्यातून हृदयाच्या मोजमापाची शिस्तशीर पद्धत घडवली. 1956 चं नोबेल तिघांत वाटलं गेलं.

आता मुलांकडे वळू. भोक मोठं असेल तर फुप्फुसांकडे जादा रक्त जोरानं जात राहतं आणि तिथल्या रक्तवाहिन्या हळूहळू जाड, ताठर होतात. म्हणून नळी आत असतानाच मुलाला ऑक्सिजन, कधी नायट्रिक ऑक्साइड देऊन पाहतात. फुप्फुसांतला दाब आणि रक्ताला होणारा अडथळा पुरेसा उतरला, तर भोक बंद करता येण्याची आशा असते. ढिम्म राहिला, तर भोक बुजवणंच जिवावर बेतू शकतं. शल्यविशारद हात मागे घेतात.

अशी वेळ येते ती बहुधा उशिरामुळे. बाळ दूध पिताना धापा टाकत असेल, कपाळाला घाम फुटत असेल, वजन वाढत नसेल, न्यूमोनिया पुन्हा पुन्हा होत असेल, तर 'मोठं झालं की सुधारेल' म्हणत बसू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा किंवा अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या आरोग्य पथकाला सांगा आणि इको लवकर करून घ्या.