सणाची भिशी : पैसा बँकेत, धाक मंडळाचा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत झालेले. या मंडळात मी आजवर सतरंज्या घातल्या, हळदीकुंकवाला तिळगूळ वाटला, सहलीचा डबा बांधला; पण माईकपुढे उभी राहण्याची वेळ आली नव्हती. ती आज आपण सर्वांनी आणली. तेव्हा काही कमीजास्त बोलले गेले तर आपली म्हणून सांभाळून घ्या.

मला विषय दिला आहे, ‘सणासाठी भिशी लावावी का?’ विषय आयता नाही. येत्या वर्षापासून मंडळात सणाची भिशी सुरू करावी असे घाटते आहे आणि चोवीस जणींनी नावेही दिली आहेत. त्यांत माझेही नाव आहे. म्हणून पैसे द्यायच्या आधी नीट विचार व्हावा, एवढ्याचसाठी मी बोलणार आहे.

आपल्याकडे म्हणतात, ऋण काढून सण करू नये. म्हणणे सोपे आहे. दिवाळी कधी येणार हे कालनिर्णयात वर्षभर आधी छापलेले असते, तरी दर वर्षी आश्विन उजाडला की आपली धावपळ सुरू होते. ज्या घरात बोनस येतो तिथे निभावते. कायद्याने किमान बोनस ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा. पण आपल्या मुलुंडात रिक्षा चालवणाऱ्याला, कंत्राटावर काम करणाऱ्याला, घरी पोळ्या-पापड करून देणाऱ्या बाईला बोनस कोण देणार? तिने तो आपला आपणच जमवायचा. समजा सणाला १२,००० रुपये लागतात. ते उसने घेतले आणि महिना शेकडा ३ व्याज पडले, तर महिन्याला ३६० रुपये झाले. दहा महिन्यांत ३,६०० रुपये नुसत्या व्याजाचे जातात आणि मुद्दल तसेच डोक्यावर राहते. तोवर पुढची दिवाळी दारात येते. म्हणजे जमवावे हे खरे. प्रश्न एवढाच की कसे जमवावे.

भिशी कशी चालते हे तुम्हाला मी सांगायला नको. बारा जणींनी दरमहा हजार रुपये घालायचे, चिठ्ठ्या टाकायच्या, जिचे नाव निघेल तिने १२,००० रुपये उचलायचे. आता यातला हिशेब पाहा. जिचा नंबर पहिला लागतो तिला बिनव्याजी उसने मिळते. पुढचे अकरा महिने ती ते फेडत असते. जिचा नंबर शेवटचा, तिने १२,००० भरले आणि १२,०००च घेतले. हेच हजार रुपये तिने बँकेच्या आवर्ती ठेवीत, ज्याला आपण आर. डी. म्हणतो, भरले असते तर सहा टक्क्यांनी वर्षाला चारशेच्या आसपास व्याज मिळाले असते. तेवढे तिने सोडले.

मग बायका भिशी का लावतात? त्यांना हिशेब कळत नाही म्हणून नव्हे. घरात डब्यात ठेवलेले हजार रुपये टिकत नाहीत. मुलाची वही येते, गॅसचा सिलिंडर येतो, गावाहून पाहुणे येतात. भिशीचे हजार मात्र पाच तारखेला बाजूला काढावेच लागतात, कारण आपल्यामुळे अकरा जणी खोळंबतील ही लाज असते. भिशी आपल्याला जे देते तो हा धाक. त्यासाठी चारशे रुपये व्याज सोडावे लागले तर अनेक जणींना ते महाग वाटत नाही, आणि मीही त्यांना नावे ठेवणार नाही.

एक प्रकार मात्र मला पसंत नाही. तो बोलीच्या भिशीचा. तिथे जिला गरज जास्त ती १२,००० चे १०,५०० घ्यायला तयार होते, आणि तिचे सोडलेले १,५०० बाकीच्या वाटून घेतात. अडलेल्या बाईच्या जिवावर आपण सुमारे १३६ रुपये मिळवायचे, हे मंडळाला शोभत नाही. शिवाय अशी बोलीची चिट १९८२ च्या चिट फंड कायद्याखाली येते आणि नोंदणीशिवाय चालवता येत नाही. पाळीपाळीने सगळ्यांना पूर्ण रक्कम मिळते आणि उचलल्यावरही हप्ते भरत राहावे लागतात, ती आपली साधी भिशी त्या कायद्याच्या व्याख्येत ‘चिट’ ठरत नाही.

आता आपल्या प्रस्तावातली खरी अडचण सांगते. चोवीस जणींपैकी बहुतेकींना पैसे दिवाळीलाच हवे आहेत. भिशीची पेटी तर महिन्याला एकीसाठीच उघडते. आश्विनात जिचा नंबर लागेल तिची दिवाळी झाली; बाकीच्यांचे काय? जिला माघात पैसे मिळाले तिचे दिवाळीपर्यंत उरतील काय? आणि जिचा नंबर मार्गशीर्षात, तिने दिवाळी उसनवारीनेच करायची का?

भिशीला खरी गंमत येते ती वेगवेगळ्या सणांच्या बायका एकत्र आल्या म्हणजे. आमच्या मजल्यावर नाताळ करणाऱ्या वहिनी आहेत. त्यांचा खर्च डिसेंबरात. कलकल आणि नेवऱ्या तळायला त्या आधीपासून बसतात. समोरच्या भाभींची ईद दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकते. कोकणातल्या मैत्रिणींना भाद्रपदात गणपतीला गावी जायचे असते, त्यांना पैसे श्रावणात हवे. कुणाला जूनमध्ये शाळेची फी असते. अशा दहा-बारा जणी जमल्या तर चिठ्ठ्या टाकायचीही गरज नाही. जिचा महिना तिला रक्कम. एकीचा पैसा दुसरीच्या सणाला उपयोगी पडतो आणि तिचा आपल्याला. अशी भिशी जरूर लावावी. पण सगळ्यांचा सण एकाच दिवशी असेल तर भिशीचा उपयोग नाही. तिथे वर्षभर साठवून एकदाच उघडायचा फंड हवा.

आता फंड म्हटला की दुसरा प्रश्न आला, पैसा कोणाच्या हातात? आमच्या जुन्या चाळीत एक बाई दिवाळी फंड गोळा करीत. बाई सज्जन. घरात आजारपण आले आणि फंडाचे पैसे इस्पितळात गेले. मनात कपट नव्हते, पण दिवाळी आली तेव्हा पैसे नव्हते. पैसे पुढे हळूहळू फिटले. एकमेकींच्या घरची हळदीकुंकवे मात्र थांबली ती थांबलीच. विश्वासाची माणसे असली तरी त्यांच्या घरी अडचण येणार नाही असे कोण सांगेल? ओळखीच्या बाईच्या हाती पैसा देणे म्हणजे तिच्यावरही ओझे घालणे आहे.

मोठ्या दुकानाच्या हाती द्यावा म्हणाल, तर २०१९ ची दिवाळी आठवा. ठाणे-डोंबिवलीकडे गुडविन ज्वेलर्सची दुकाने त्या ऑक्टोबरात ऐन दिवाळीच्या तोंडावर बंद झाली, आणि सोन्यासाठी महिन्यामहिन्याने पैसे भरलेल्या बायका पोलीस चौकीपुढे रांगा लावून उभ्या राहिल्या. सराफाकडची अकरा महिन्यांची योजना ही बँकेतली ठेव नव्हे. ती खरेदीपोटी दिलेली उचल असते आणि तिला ठेवीचा विमा नसतो.

मग बँक तरी? त्याच वर्षी, घटस्थापनेच्या पाच दिवस आधी, भांडुपला मुख्य कचेरी असलेल्या पी. एम. सी. बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि खातेदारांना पहिल्यांदा फक्त १,००० रुपये काढता येऊ लागले. आपल्यापैकी काहींच्या घरी ती दिवाळी कशी गेली ते मी सांगायला नको. ती बँक २०२२ च्या जानेवारीत दुसऱ्या बँकेत विलीन झाली. तरीही बँक आणि दुकान यांत फरक आहे. बँकेतल्या ठेवीला विमा असतो. त्याची मर्यादा आधी एक लाख होती, ती फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख झाली. आपला सणाचा पैसा काही हजारांचा. तो त्या मर्यादेत सहज बसतो.

नाताळच्या वहिनींमुळे माझ्या लेकीने परदेशातलीही माहिती काढून दिली. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातल्या कार्लाइल गावच्या एका बँकेने १९०९ साली ‘ख्रिसमस क्लब’ काढला. लोकांनी थोडे थोडे भरायचे, नाताळच्या तोंडावर एकदम घ्यायचे. पैसा बँकेतच, म्हणून ती चाल पुढे पुष्कळ बँकांनी उचलली. उलट इंग्लंडात फेअरपॅक नावाच्या कंपनीकडे लोक नाताळच्या सामानासाठी वर्षभर पैसे भरीत. ती ऑक्टोबर २००६ मध्ये बुडाली आणि लाखाहून अधिक लोकांची नाताळची पुंजी अडकली. तिथेही शेजारपाजारच्या बायकाच घरोघर हप्ते गोळा करीत. त्यांचा दोष काही नव्हता, पण लोकांना तोंड द्यावे लागले त्यांना. सण कोणताही असो, गोष्ट तीच.

या सगळ्यातून माझे म्हणणे इतकेच निघते. भिशीतला धाक चांगला, तो ठेवावा. पैसा मात्र मंडळात जमवू नये. प्रत्येकीने आपल्या स्वतःच्या नावावर, नवऱ्याच्या नव्हे, बँकेत एक वर्षाची आवर्ती ठेव उघडावी. दिवाळीवाल्यांनी ती अशा महिन्यात उघडावी की मुदत दिवाळीच्या पंधरा दिवस आधी भरेल. पोस्टाची आवर्ती ठेव १०० रुपयांपासून उघडता येते, पण तिची मुदत पाच वर्षांची आणि ती तीन वर्षांच्या आत मोडता येत नाही. ती मुलीच्या शिक्षणासाठी ठेवावी, सणासाठी नको. मग दर महिन्याच्या सभेला भजनाच्या आधी प्रत्येकीने आपले पासबुक उघडून शेजारणीला दाखवायचे. जिचा हप्ता चुकला तिला विचारायचे, पण चारचौघींत नाही, बाजूला घेऊन. आणि तिच्या घरी खरोखरच अडचण असेल तर ती आपल्याला वेळेवर कळेल, हाही एक फायदाच.

ज्यांना वेगवेगळ्या महिन्यांत पैसे हवेत त्यांनी बाराच्या आतली साधी भिशी लावावी. बोली नको. कोणाचा महिना कोणता ते सुरुवातीलाच वहीत लिहून सगळ्यांनी सह्या कराव्यात. ज्या दिवशी पैसे जमतील त्याच दिवशी ते जिचे तिला द्यावेत, रात्रभर कोणाच्या कपाटात राहू नयेत. आणि हप्ता असा ठरवावा की जी सर्वांत ओढगस्तीत आहे तिलाही तो झेपेल. पाचशेची ऐपत असलेल्या बाईने शेजारणीच्या बरोबरीसाठी दोन हजारांत नाव घालू नये, आणि आपणही तिला तसे घालायला लावू नये.

चोवीस जणींच्या यादीतले माझे नाव मी काढत नाही. या दोन वाटांपैकी एका वाटेने ते राहावे, एवढी विनंती मी आज कार्यकारिणीला करते. पुढच्या सभेत यावर मत घ्यावे, आणि तोवर प्रत्येकीने घरी बसून आपला सण कोणत्या महिन्यात आणि किती रुपयांचा, हे एका कागदावर मांडून आणावे. तो कागद मांडला की अर्धे काम झाले असे समजा.

सर्वांचे सण बिनकर्जाचे जावोत, एवढे बोलून मी आपली रजा घेते. नमस्कार.